बाजारात विकला गेलेला पोर दख्खनचा कारभारी झाला. ‘गुलाम’ हा शब्द मात्र सुटला नाही : मलिक अंबर

नगर तालुक्यातल्या भातोडीचं नाव इतिहासात आहे ते १६२४ च्या लढाईमुळे. एका बाजूला मोगल आणि आदिलशाहीची एकत्र फौज, दुसऱ्या बाजूला निजामशाहीची. निजामशाहीचा म्होरक्या पंचाहत्तरी ओलांडलेला एक हबशी होता. त्याने भातोडीच्या तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, रसद तोडली, रात्रीचे छापे घातले आणि मोठी फौज हरवली. शहाजीराजे भोसले याच लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी इथेच कामी आले.

हा म्हातारा म्हणजे मलिक अंबर. जन्म साधारण १५४८ चा, आजच्या इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्रावरचं मोखा बंदर, मग बगदाद, असा तो हातोहात विकला गेला. बगदादच्या मालकाने त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि ‘अंबर’ हे नाव दिलं. अंबर म्हणजे सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी अत्तराची, रत्नांची नावं द्यायची तेव्हा पद्धतच होती. माल विकत घ्यायचा आणि त्याला आपल्या आवडीचं नाव ठेवायचं! आई-बापाने ठेवलेलं नाव तिथंच संपलं.

पुढे त्याला निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतलं. चंगेजखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम, आणि त्याच्याकडे असे सुमारे एक हजार हबशी होते. दख्खनची गुलामी अमेरिकेतल्या उसा-कापसाच्या मळ्यांसारखी नव्हती. इथे गुलामाच्या हाती तलवार दिली जायची. परमुलखातून आणलेल्या पोराला ना भाऊबंद ना गणगोत, म्हणून तो धन्याशी इमानी राहील, हा हिशेब. धनी मेला की असे गुलाम बहुधा मोकळे होत. १५७५ च्या सुमारास चंगेजखान गेला आणि त्याच्या बायकोने अंबरला मोकळं केलं.

मोकळा झालेला अंबर काही वर्षं विजापूरकडे राहिला. ‘मलिक’ ही पदवी तिथलीच. १५९५ च्या सुमारास तो नगरला परतला तेव्हा जवळ फक्त दीडशे स्वार होते. १६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, तरी अंबर थांबला नाही. निजामशाही घराण्यातला एक वारस शोधून त्याने त्याला परांड्यात गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. स्वतः मात्र गादीवर बसला नाही.

आता या सोयरिकीचं काय झालं ते बघा. त्या काळी लिहून ठेवलेल्या हकिकतीनुसार, सुलतानाची थोरली इराणी बायको अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवायची. गोष्ट बापाच्या कानावर गेली. १६१० मध्ये अंबरने सुलतान आणि ती बायको या दोघांनाही विष देऊन संपवलं आणि सुलतानाच्या लहान पोराला गादीवर बसवलं. ही क्रूरताच होती, तिला दुसरं नाव नाही. पण सारी सत्ता हातात असताना एका शब्दाने तो इतका का पेटला, हे त्याच्या लहानपणाकडे पाहिलं की कळतं.

दिल्लीकरांचीही तीच तऱ्हा. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत त्याला रंगावरून शिव्या घालतो. त्याने तर एक चित्र काढून घेतलं. त्यात भाल्यावर खोचलेलं अंबरचं मुंडकं आहे आणि जहांगीर त्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात ते मुंडकं मोगलांच्या हाती कधी लागलंच नाही. गंमत अशी, की अंबर मेल्यावर मोगलांच्याच बखरकाराने त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तारीफ लिहून ठेवली.

गावोगावी त्याचं नाव टिकलं ते धाऱ्यामुळे. त्याने महसुलाची मक्तेदारी बंद केली, जमिनीचा कस आणि पीक बघून सारा ठरवला. खडकी गावाजवळ राजधानी वसवली आणि तिथे खापराच्या नळांतून, जमिनीखालून पाणी आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार! नहर-ए-अंबरी ती हीच. मराठा स्वारांना त्याने गनिमी लढाईत जागा दिली. शहाजीराजांचे वडील मालोजीराजेही त्याच निजामशाहीत होते. पुढे ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या परमानंदानेही अंबरचा पराक्रम वाखाणला. हबशी म्हणून त्याला कमी लेखलं नाही.

१६२६ मध्ये अंबर वारला. सात वर्षांत त्याचा मुलगा फत्तेखान याने दौलताबाद मोगलांना दिलं. खडकीचं आधी फतेहनगर, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं. हबशांचे वंशज आजही गुजरातेत, कर्नाटकात सिद्दी म्हणून राहतात. ते गुजराती, कन्नड, कोकणी बोलतात. आफ्रिकेतली भाषा गेली, ढोलाचा ठेका उरला. तरी आपल्याच देशात अनोळखी माणूस त्यांना विचारतो, तुम्ही कुठल्या देशाचे?

अंबरची कबर खुलदाबादला आहे. ती त्याने जिवंतपणीच बांधून घेतली होती. शेजारी त्याची बायको बीबी करीमा हिची कबर आहे.