प्राचार्य बाबासाहेब आणि न्यायाधीशांचे शिक्षण

बाबासाहेबांची जयंती आली की आपण त्यांच्या पदव्या सांगतो, संविधानावर बोलतो, महाड आणि नागपूरची आठवण काढतो. पण मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य डॉ. आंबेडकर आपल्या व्याख्यानांत क्वचितच येतात. न्यायासनावर बसणारा माणूस काय शिकून तिथे येतो, हा प्रश्न आपल्या समाजासाठी जीवन-मरणाचा आहे. म्हणून त्यांच्या आयुष्याचा हा भाग आम्हाला सांगावासा वाटतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब आधी अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ साली लंडनला पोहोचून त्यांनी ग्रेज इनमध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी नाव नोंदवले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले, १९२३ साली डी.एस्सी. मिळवून मायदेशी आले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. हाती नोकरी असताना पुन्हा विद्यार्थी होण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

वकिलीच्या जोडीला शिकवणे चालूच राहिले. १९२५ पासून ते एका लेखाशास्त्र संस्थेत व्यापारी कायदा शिकवत. जून १९२८ मध्ये ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले. १८५५ साली सुरू झालेल्या या कॉलेजातून अनेक वकील आणि न्यायाधीश बाहेर पडले आहेत. जून १९३५ मध्ये बाबासाहेब त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९३८ पर्यंत त्या खुर्चीवर होते. ज्याला लहानपणी शाळेत वर्गाबाहेर बसवले गेले, तो आता इलाख्यातल्या भावी वकील-न्यायाधीशांचा गुरू होता.

कायद्याचे शिक्षण कसे असावे यावर त्यांनी १९३६ साली कॉलेजच्या नियतकालिकात लेख लिहिला. कलमे पाठ करून कायदेपंडित होता येत नाही, ही त्यांची भूमिका होती. कायद्याच्या मूळ तत्त्वांबरोबर इतर विषयांचे ज्ञान हवे, नेमका विचार करता यावा, तो स्वच्छ शब्दांत मांडता यावा, असा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह नुसता पुस्तकी नव्हता. प्राध्यापक आणि प्राचार्य म्हणून काम करत असतानाच ते स्वतः एका खटल्यात प्रतिवादी होते. २० मार्च १९२७ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळे आमच्या वहिवाटीचे आहे आणि अस्पृश्यांना तिथे मनाई असण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी न्यायालयाचा हुकूम मानला, तळ्यावर जाणे थांबवले आणि लढाई कोर्टात नेली.

महाडच्या न्यायालयात दावा फेटाळला गेला, ठाण्याचे अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयानेही आपल्या बाजूने निकाल दिला. तेव्हा बाबासाहेब प्राचार्य होते. पण हा निकाल नीट वाचला पाहिजे. रूढी अनादि काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून वादी हरले. अशी रूढी मुळातच अन्यायाची आणि लोकहिताच्या विरुद्ध आहे का, या प्रश्नात न्यायालयाला शिरावेच लागले नाही. पाण्याचा हक्क मिळायला जवळजवळ दहा वर्षे गेली आणि अस्पृश्यतेवर निवाडा झालाच नाही.

तो निवाडा पुढे संविधानाच्या १७व्या कलमाने दिला. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने न्यायव्यवस्थेचीही घडी बसवली. कलम ५० ने न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्याचे धोरण घालून दिले. कलम २३५ ने जिल्हा आणि खालच्या न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपवले. १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५६ साली सिद्धार्थ विधि महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी दीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. अखेरच्या वर्षांतही ते बुद्धाच्या धम्मावरील ग्रंथ लिहीत होते. त्यांचे शिकणे थांबले ते श्वासाबरोबरच.

आज न्यायाधीशांच्या प्रशिक्षणासाठी भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, आपल्या राज्याची अकादमी भाईंदरजवळ उत्तनला आहे. तिथे नवा कायदा शिकवला जातो, जायलाच हवा. पण २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली आणि २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवतानाही ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही, हे आपण विसरू शकत नाही. गावात जात कशी चालते, वस्ती वेगळी का असते, साक्षीदार का फिरतो, हे न ओळखणाऱ्याला कायद्याचे कलम समोर असूनही गुन्ह्यातली जात दिसत नाही.

म्हणून आम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात जातिव्यवस्थेचा आणि अत्याचारग्रस्तांच्या अनुभवाचा अभ्यास सातत्याने असावा, ही मागणी आपल्या संघटनांनी निवेदनांत आणि परिषदांत लावून धरली पाहिजे. आणि आपल्या मुला-मुलींनी कायदा शिकून न्यायिक सेवेच्या परीक्षेला बसले पाहिजे. जयंतीच्या वर्गणीतला काही वाटा वस्तीतल्या एखाद्या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या पुस्तकांसाठी आणि फीसाठी काढला, तर प्राचार्य बाबासाहेबांचे काम तिथूनच पुढे सुरू होईल.