पळत्या दवाखान्याचे डॉक्टर लारे

मुलांनो, १०८ ची गाडी तुम्ही पाहिली असेल. तिच्या मूळपुरुषाची हकिकत मी सांगतो.

डॉमिनिक लारे यांचा जन्म १७६६ साली फ्रान्समधल्या एका डोंगरी खेड्यात झाला. तेराव्या वर्षी ते पोरके झाले. काका शस्त्रवैद्य, त्यांच्याकडेच ते ही विद्या शिकले. १७९२ साली ते सैन्यात डॉक्टर होते. तिथला नियम काय, तर दवाखान्याच्या गाड्या लढाईपासून कोसभर मागं ठेवायच्या! लढाई थांबेपर्यंत जखमी तसाच पडून. रक्त वाहून कितीतरी जण उगाच मरत. घोडे तोफा घेऊन पळतात, मग दवाखाना का पळू नये? लारेंनी दोन घोड्यांच्या हलक्या गाड्या बनवल्या, आत गादी घातली आणि भर लढाईत नेल्या. इजिप्तमध्ये तर उंटांवरून जखमी आणले.

त्यांची दुसरी रीत मला जास्त मोठी वाटते. ज्याची जखम जबर, त्याला आधी बघायचं. मग तो शिपाई असो की सरदार, आपला असो की शत्रूचा. नेपोलियनच्या फौजेत हे करायला छाती लागते.

१८१५ साली वॉटर्लूच्या लढाईनंतर शत्रूनं त्यांना पकडलं. गोळी घालणार, तोच शत्रूच्याच एका डॉक्टरनं ओळखलं. त्यानं पूर्वी लारेंची व्याख्यानं ऐकली होती. लारे वाचले, आणि १८४२ पर्यंत जगले.