वीर बाबुराव शेडमाके

विदर्भाच्या पूर्व भागात वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांचा संगम होतो. संगमानंतर जो प्रवाह दक्षिणेकडे जातो, त्याला प्राणहिता असे नाव आहे. प्राणहितेच्या पूर्वेस इंद्रावती नदीपर्यंत घनदाट अरण्य पसरलेले आहे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांनी भरलेल्या या अरण्यात शतकानुशतके गोंड लोक राहत आले आहेत. याच भूमीत, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात, किष्टापूर या लहानशा गावी १२ मार्च १८३३ रोजी बाबुराव शेडमाके यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे नाव पुल्लेसूरबापू आणि आईचे नाव जुर्जाकुंवर. शेडमाके घराण्याकडे मोलमपल्ली येथील लहानशी जमीनदारी होती.

बाबुरावांचे चरित्र समजून घ्यावयाचे, तर ज्या समाजात ते वाढले त्याची ओळख आधी करून घेतली पाहिजे. गोंड लोक स्वतःला कोयतूर म्हणवितात. त्यांची गोंडी भाषा तेलुगू, कन्नड आणि तमिळ यांच्या कुळातील आहे. त्यांच्या मुख्य देवाचे नाव पेरसा पेन. प्रत्येक कुळाचे देव किती, ते ठरलेले असते. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, तर कोणी सात देवांचे. समान देवसंख्येची कुळे एकमेकांची भाऊबंद मानली जातात आणि त्यांच्यात विवाह होत नाही. कुळांच्या आणि राजांच्या कथा प्रधान नावाचे गायक वाद्याच्या साथीवर गातात. अशा रीतीने लेखणीवाचूनही या समाजाने आपला इतिहास जपून ठेवला.

अरण्य हे या लोकांचे धान्याचे कोठारच होय. मोहाची फुले, चार, तेंदू, कंदमुळे, मध आणि डिंक त्यांना तेथून मिळतात. घराला लाकूड, टोपलीला बांबू आणि आजाऱ्याला औषधी मुळीही अरण्यच देते. तेथील झाडाला अथवा टेकडीला ते केवळ उपयोगाची वस्तू समजत नाहीत. त्यांत त्यांचे देव वसतात. हे अरण्य कोणा एकाचे नसून सर्वांचे आहे, अशी त्यांची दृढ समजूत होती.

गोंड लोकांनी केवळ अरण्यातच जीवन कंठले, असे मात्र नाही. चंद्रपूर येथे त्यांचे मोठे राज्य होते. खांडक्या बल्लाळशहा या राजाने चंद्रपूर नगर वसविले, असे परंपरा सांगते. नगराभोवतीचा भक्कम दगडी परकोट आणि राणी हिराईने आपल्या पतीच्या, बीरशहाच्या, स्मरणार्थ बांधलेली समाधी आजही त्या वैभवाची साक्ष देतात. पुढे १७५१ मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी हे राज्य जिंकून घेतले. तथापि दूरच्या अरण्यातील गोंड जमीनदार आपापल्या मुलखाचा कारभार पूर्वीप्रमाणेच पाहत राहिले.

अशा परंपरेत बाबुरावांचे बालपण गेले. त्या काळी गोंडांच्या गावांत गोटुल नावाची संस्था असे. दिवसाची कामे आटोपल्यावर मुले तेथे जमत. वडीलधाऱ्या मंडळींकडून पूर्वजांच्या कथा ऐकाव्यात, गाणी आणि नृत्ये शिकावीत, शिकारीची शस्त्रे चालविण्याचा सराव करावा आणि गावाचे काम एकजुटीने करावे, असा तेथील क्रम असे. बाबुरावही या संस्कारांत वाढले. तीरकमठा, भाला आणि तलवार ते चपळाईने चालवू लागले. मुलाने नव्या विद्येतही मागे राहू नये, म्हणून वडिलांनी त्यांना रायपूर येथे इंग्रजी शाळेत धाडले. तेथे राज्य करणाऱ्यांची भाषा आणि रीत यांचा त्यांना परिचय झाला. शिक्षण घेऊन ते मोलमपल्लीस परतले आणि जमीनदारीच्या कारभारात लक्ष घालू लागले.

याच सुमारास नागपूरच्या राज्यावर मोठे संकट कोसळले. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. दत्तक वारस नामंजूर करून गव्हर्नर जनरल डलहौसी याने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबर चांद्याचा मुलूखही ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. चांदा हे चंद्रपूरचेच त्या काळचे नाव. नवे अधिकारी आले, नव्या मोजण्या झाल्या, नवे कर बसले. जमीनदारांच्या जुन्या अधिकारांना कात्री लागली. ज्या सागवानाकडे गोंड लोक आपल्या अरण्याचा ठेवा म्हणून पाहत, त्याकडे सरकार उत्पन्नाचे साधन म्हणून पाहू लागले.

जे चांद्याच्या अरण्यात घडत होते, तसेच जगात अन्यत्रही घडत होते. उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागात चोक्टाव नावाचे आदिवासी लोक राहत. मका, भोपळा आणि घेवडा यांची ते शेती करीत. त्यांचे वंश आईच्या कुळावरून ओळखले जात आणि नानीह वाइया नावाच्या मातीच्या टेकाडास ते आपले उगमस्थान मानीत. १८३० मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्यांच्याशी एक करार केला आणि तेथील त्यांची जवळजवळ सर्व भूमी आपल्या ताब्यात घेतली. १८३१ ते १८३३ या काळात सुमारे पंधरा हजार लोकांना आपली घरे सोडून शेकडो कोस दूर पश्चिमेकडे जावे लागले. थंडी, भूक आणि पटकी यांनी वाटेत हजारो माणसे दगावली. त्यांचे हे शेवटचे मोठे स्थलांतर झाले, त्याच १८३३ साली इकडे बाबुरावांचा जन्म झाला होता. या दोन समाजांना एकमेकांची वार्ताही नव्हती. परंतु दोघांपुढे प्रश्न एकच होता. पूर्वजांची भूमी हातची गेली, तर आपण कोण म्हणून उरणार?

१८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात कंपनी सरकारविरुद्ध मोठा उठाव झाला. त्याच्या वार्ता हळूहळू चांद्याच्या अरण्यातही येऊन पोहोचल्या. बाबुरावांचे वय तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते. घरी जमीनदारी होती आणि पदरी शिक्षणही होते. नव्या सरकारशी जुळवून घेतले असते, तर त्यांना सुखाने आयुष्य घालविता आले असते. परंतु गावोगावच्या लोकांची स्थिती पाहून त्यांना स्वस्थ बसवेना. सप्टेंबर १८५७ मध्ये त्यांनी सुमारे पाचशे तरुण एकत्र करून एक दल उभारले. त्याला जंगोम दल असे नाव दिले. गोंडी भाषेत जंगोम म्हणजे जागृती. या तरुणांमध्ये बहुतेक शेतकरी आणि शिकारी होते. अरण्यातील वाटा, ओढे आणि खिंडी यांची त्यांना अचूक माहिती होती.

मार्च १८५८ मध्ये या दलाने इंग्रजांच्या ताब्यातील राजगड परगण्यावर चाल केली आणि तो जिंकून घेतला. ही बातमी कळताच चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने सैन्य रवाना केले. १३ मार्च रोजी नांदगाव-घोसरीजवळ दोन्ही दळांची गाठ पडली. तीत बाबुरावांच्या दलाची सरशी झाली. या यशानंतर अडपल्ली आणि घोट येथील जमीनदार व्यंकटराव हे उघडपणे बाबुरावांना येऊन मिळाले. रोहिल्यांच्याही काही तुकड्या त्यांच्या बाजूला आल्या आणि दलाची संख्या हजारावर गेली.

आता बाबुरावांनी गढीसुर्ल्याच्या डोंगराचा आश्रय घेतला. इंग्रजांच्या बंदुकांपुढे मोकळ्या मैदानात आपला निभाव लागणार नाही, हे ते जाणून होते. म्हणून उंच जागा, दाट झाडी आणि रात्रीचा अंधार यांचा त्यांनी युक्तीने उपयोग केला. डोंगरावरून मोठमोठ्या शिळा लोटून त्यांच्या माणसांनी शत्रूची वाट रोखली, असे सांगतात. एप्रिल महिन्यात सगणापूर आणि बामनपेठ येथेही चकमकी झाल्या. प्रत्येक वेळी इंग्रजांचे सैन्य येई आणि प्रत्येक वेळी हे दल अरण्यात दिसेनासे होई.

इंग्रजांची मोठी शक्ती तारायंत्रात होती. एका ठाण्यावरचा निरोप तारेने क्षणात दुसऱ्या ठाण्यास पोहोचे आणि तेथून कुमक निघे. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या लोकांचा तळ होता. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री बाबुरावांच्या माणसांनी या तळावर हल्ला केला. त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला आणि त्याने क्रिक्टनला ही हकीगत कळविली. हे दोघे सैनिक नव्हते. तार उभारण्याच्या कामासाठी ते आले होते. युद्ध एकदा पेटले म्हणजे त्याची झळ कोणाकोणाला लागते, हे या घटनेवरून दिसते. या हल्ल्यानंतर बाबुरावांना पकडण्यासाठी सरकारने सारे बळ एकवटले.

परंतु सैन्याच्या बळावर बाबुराव हाती लागेनात. तेव्हा क्रिक्टनने दुसरा मार्ग धरला. अहेरीची जमीनदारी त्या मुलखात सर्वांत मोठी होती आणि तिचा कारभार राणी लक्ष्मीबाई पाहत होत्या. त्या स्वतः गोंड होत्या आणि शेडमाके घराण्याशी त्यांचे नातेही होते. बाबुरावांना पकडून द्यावे, असा क्रिक्टनने त्यांना निकराचा आग्रह केला. तसे न केल्यास आपली जमीनदारी जाईल, ही भीती त्यांच्यापुढे होती. केल्यास बक्षिसाची आशा होती. एकीकडे आपल्या रक्ताचा मनुष्य आणि दुसरीकडे आपले वतन, अशा पेचात त्यांनी वतनाची बाजू घेतली. त्याच वर्षी जून महिन्यात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी लढता लढता रणांगणावर देह ठेवला होता. नाव एकच, परंतु प्रसंग आला तेव्हा दोघींनी धरलेल्या वाटा मात्र भिन्न होत्या.

अहेरीची माणसे बाबुरावांच्या मागावर निघाली. भोपाळपट्टणमजवळ ते एकदा सापडले, परंतु पहारेकऱ्यांच्या हातून निसटले. पावसाळाभर ते अरण्यात फिरत राहिले. दल विखुरले होते, दाणागोटा संपत आला होता आणि कोणाच्या घरी विश्वासाने थांबावे, हेही कळेनासे झाले होते. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी ते पकडले गेले. ज्यांना बंदुका आणि तोफा पकडू शकल्या नाहीत, ते आपल्याच माणसांच्या हातून कैद झाले.

बाबुरावांना चांद्यास आणण्यात आले. सरकारविरुद्ध बंड केल्याचा आरोप ठेवून त्यांच्यावर खटला चालला आणि त्यांना मृत्यूची शिक्षा झाली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारातील पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आली. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. ज्या नगराचा परकोट गोंड राजांनी उभारला, त्याच नगरात गोंडांच्या या वीराचा अंत झाला. त्यांचे सहकारी व्यंकटराव बस्तरच्या अरण्यात निघून गेले. परंतु १८६० मध्ये तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. त्यांची जमीनदारी सरकारने जप्त करून अहेरीच्या राणीस बक्षीस दिली.

बाबुरावांच्या मृत्यूनंतर त्यांच्याविषयी अनेक कथा रूढ झाल्या. बांबूच्या रांजीत उगवणारे एक दुर्मीळ अळंबे त्यांनी खाल्ले होते, त्यामुळे त्यांच्या अंगी विलक्षण बळ आले होते, असे लोक सांगतात. फासाचा दोर तीन वेळा तुटला, अशीही कथा आहे. इतिहासाच्या कसोटीवर या गोष्टी उतरत नाहीत. तथापि आपला वीर सामान्य माणसासारखा मरणे शक्य नाही, असे ज्या लोकांना वाटले, त्यांचे त्याच्यावर किती प्रेम असेल, हे या कथांवरून कळते.

बाबुरावांचा लढा सव्वा वर्षही टिकला नाही. त्यांच्यापाशी मोठे सैन्य नव्हते, तोफा नव्हत्या आणि पैसाही नव्हता. तरीही एका बलाढ्य सत्तेला त्यांनी अनेक महिने झुंजविले. १८६५ मध्ये आणि पुन्हा १८७८ मध्ये सरकारने वनांविषयी कायदे केले आणि अरण्यातील लोकांचे पूर्वापार हक्क आणखी आकुंचित झाले. बाबुरावांना ज्याचे भय वाटत होते, तेच पुढे घडले. अरण्यात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा आपल्या देशात २००६ मध्ये झाला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तब्बल १४८ वर्षांनी.

१२ मार्च २००९ रोजी भारत सरकारने बाबुरावांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. चंद्रपूरच्या तुरुंगाजवळील ज्या पिंपळाशी त्यांच्या बलिदानाची स्मृती जोडलेली आहे, तेथे दर वर्षी २१ ऑक्टोबरला दूरदूरच्या गावांहून गोंड बांधव येतात आणि त्यांना वंदन करतात. राजांचे किल्ले दगडाचे असतात आणि ते काळाच्या ओघात ढासळतात. परंतु आपली भूमी, आपली भाषा आणि आपली माणसे यांच्यासाठी ज्याने प्राण वेचले, त्याची आठवण लोकांच्या मनात अखंड राहते. बाबुराव शेडमाके यांचे स्थान तेथे आहे.