लीना स्टर्न

लीना सोलोमोनोव्हना स्टर्न (२६ ऑगस्ट १८७८ – ७ मार्च १९६८) या रक्त व मेंदू यांच्यामधील संरक्षक अडसराच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञ होत्या. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पूर्ण सदस्य झालेल्या त्या पहिल्या महिला होत.

जीवन व शिक्षण

स्टर्न यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील (आताच्या लाटव्हियातील) लीपाया येथे एका ज्यू कुटुंबात झाला. उच्च शिक्षणासाठी त्या स्वित्झर्लंडला गेल्या आणि जिनिव्हा विद्यापीठातून १९०३ मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. तेथेच फ्रेडरिको बातेल्ली यांच्यासह त्यांनी पेशींच्या श्वसनक्रियेवर दीर्घकाळ संशोधन केले. १९१८ मध्ये त्या जिनिव्हा विद्यापीठात प्राध्यापकपदावर पोहोचलेल्या पहिल्या महिला ठरल्या. १९२५ मध्ये त्या मॉस्कोला स्थायिक झाल्या. १९२९ पासून १९४८ पर्यंत त्यांनी शरीरक्रियाशास्त्र संस्थेचे संचालकपद सांभाळले.

संशोधन

रक्तात सोडलेले काही रंग शरीरभर पसरतात, पण मेंदूत शिरत नाहीत, असे पाउल एर्लिख यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आढळले होते. स्टर्न व त्यांचे सहकारी गोतिए यांनी निरनिराळे पदार्थ रक्तात टोचून ते मेंदूत आणि मस्तिष्क-मेरुद्रवात कितपत पोहोचतात हे तपासले. मस्तिष्क-मेरुद्रव म्हणजे मेंदू व मेरुरज्जू यांच्याभोवती असलेला स्वच्छ द्रव. काही पदार्थ सहज जातात, तर काही अडवले जातात, असे दिसून आले. या निवडक अडवणुकीला स्टर्न यांनी १९२१ मध्ये 'रक्त-मेंदू अडसर' या अर्थाचे फ्रेंच नाव दिले.

मज्जापेशींचे संदेशवहन सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांच्या आयनांवर अवलंबून असते. रक्तातील पोटॅशियम कमीजास्त झाले तरी मस्तिष्क-मेरुद्रवातील त्याचे प्रमाण जवळजवळ स्थिर राहते. तसे न झाल्यास मेंदूचे कार्य बिघडेल. पोटॅशियम रक्तात टोचणे आणि मेंदूभोवतीच्या द्रवात टोचणे यांचे परिणाम भिन्न असतात, हे ओळखून स्टर्न यांनी तीव्र आघाताने कोसळलेल्या रुग्णांसाठी मानेच्या मागील बाजूने कवटीच्या तळाशी असलेल्या द्रवात पोटॅशियम फॉस्फेट टोचण्याची पद्धत सुचवली. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर तिचा वापर झाला. क्षयरोगामुळे मेंदूच्या आवरणाला दाह झाल्यास स्ट्रेप्टोमायसिन थेट मस्तिष्क-मेरुद्रवात देण्याचा पुरस्कारही त्यांनी केला. औषध रक्तात असूनही मेंदूपर्यंत पुरेसे का पोहोचत नाही, याचे उत्तर त्यांच्या सिद्धांतात होते.

अटक व हद्दपारी

१९३९ मध्ये त्यांना विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले, तर १९४३ मध्ये स्टालिन पारितोषिक. मात्र महायुद्धकाळात त्या ज्यू फॅसिझमविरोधी समितीच्या सदस्य होत्या आणि युद्धानंतर हीच बाब त्यांच्या अंगाशी आली. जानेवारी १९४९ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांना अटक झाली. १९५२ मधील गुप्त खटल्यात पंधरा आरोपी होते. त्यांपैकी तेरा जणांना १२ ऑगस्ट १९५२ रोजी मृत्युदंड देण्यात आला, एकाचा पुढे बंदिवासात मृत्यू झाला. केवळ स्टर्न यांना तुरुंगवास व हद्दपारी अशी शिक्षा झाली. त्यांना कझाकस्तानातील झांबुल येथे पाठवण्यात आले.

उत्तरायुष्य व वारसा

स्टालिन यांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये त्या मॉस्कोला परतल्या. १९५५ मध्ये त्यांच्यावरील आरोप रद्द ठरले. १९५४ पासून अखेरपर्यंत त्यांनी जीवभौतिकी संस्थेतील शरीरक्रियाशास्त्र विभागाचे नेतृत्व केले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असल्यानेच हा अडसर निर्माण होतो, हे टॉम रीस व मॉरिस कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९६७ मध्ये दाखवले. त्यानंतरच्या वर्षी स्टर्न यांचे निधन झाले. मेंदूच्या विकारांवर औषधे तयार करताना हा अडसर ओलांडणे ही आजही संशोधकांपुढील एक मोठी समस्या आहे.