गिटार न वाजवणारा गिटारवाला : लिओ फेंडर

इलेक्ट्रिक गिटार म्हटली की डोळ्यासमोर येते ती स्ट्रॅटोकास्टर. पण ती बनवणाऱ्या लिओ फेंडरला गिटार वाजवताच येत नव्हती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. आणि माझ्या मते त्याचं खरं इंजिनिअरिंग गिटारपेक्षा त्याच्या अँप्लिफायरमध्ये दिसतं.

१० ऑगस्ट १९०९ ला कॅलिफोर्नियात, संत्र्याची बाग असलेल्या घरात त्याचा जन्म झाला (नागपूरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!). लहानपणीच एक डोळा गेला, तिथे काचेचा बसवला. शिक्षण अकाउंटिंगचं, नाद रेडिओचा. मंदीत नोकरी गेली तेव्हा १९३८ साली ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे वादकांचे अँप्लिफायरही यायचे. अँपमध्ये नेमकं काय बिघडतं, हे त्याला टेबलावरच पाठ झालं.

१९४६ पासून तो स्वतःच्या नावाने अँप बनवू लागला. मग १९५१ चा प्रिसिजन बास, १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर वगैरे इतिहास सगळ्यांना माहीत आहे. अँपकडे बघा. त्याने गृहीत धरलं होतं की व्हॉल्व्ह एक दिवस जाणारच. म्हणून अँपची पाठ बरीचशी उघडी, व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये उलटे लटकलेले, आणि कोणत्या जागी कोणता व्हॉल्व्ह ते सांगणारा तक्ता आतच चिकटवलेला. दौऱ्यावरच्या वादकाला कोणत्याही गावच्या मेकॅनिकने अँप चालू करून द्यावा, इतकं सोपं.

आता थोडं ईडीसी, मित्रांनो! मोठ्या अँपमध्ये ६एल६ जातीचे पॉवर व्हॉल्व्ह पुश-पुल जोडीने काम करतात. एक वरची अर्धी लाट सांभाळतो, दुसरा खालची. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दोघांचे डीसी करंट एकमेकांच्या विरुद्ध जाऊन कटतात. पण एक नवा, एक म्हातारा अशी जोडी लावली तर हिशेब चुकतो. हम वाढतो, कोअर एका बाजूला मॅग्नेटाइज होतो, एकजण जास्त राबतो आणि तापतो. म्हणून बदलायचे तर दोन्ही एकदम, तेही मॅच केलेले, म्हणजे सारख्या प्लेट व्होल्टेजला आणि सारख्या ग्रिड बायसला जवळपास सारखा करंट घेणारे. शिवाय नवी जोडी बसवल्यावर बायस पुन्हा लावायचा. (हे काम अनुभवी माणसाकडेच द्या. आत चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी कपॅसिटर चार्ज धरून बसतात.)

१९६० च्या दशकातल्या त्याच्या बऱ्याच अँपमध्ये यासाठी आत एक छोटा पॉट होता. फिरवला की जोडीचा एकूण करंट कमी-जास्त.

त्याच दशकात लिओ मात्र खचत चालला होता. सायनसचं जुनाट इन्फेक्शन हटत नव्हतं, आपण फार जगत नाही असं त्याने मनाशी धरलं. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला गेली. आणि गंमत म्हणजे नंतर डॉक्टर बदलला आणि तो खडखडीत बरा झाला! पण कंपनी हातातून गेली ती गेलीच.

१९६८ च्या सुमारास सीबीएसने काही मॉडेल्समध्ये तो बायसचा पॉट काढून बॅलन्सचा पॉट टाकला. विषम जोडीही त्याने सारखी करता येते, हम कमी होतो, दुकानदार खूश. पण दोघं मिळून किती करंट घेतात ते त्यावर लावता येत नाही. म्हणजे दोन आजारी माणसांना सारखं आजारी करण्याची सोय! बरेच मेकॅनिक आजही तो पॉट परत जुन्या पद्धतीने जोडून देतात.

लिओ मात्र स्वस्थ बसला नाही. आधी म्युझिक मॅन, मग जुना सहकारी जॉर्ज फुलर्टनबरोबर जी अँड एल, तीही फुलर्टनमध्येच. पार्किन्सन्सने हात थरथरत असतानाही तो रोज कामावर जायचा. २१ मार्च १९९१ ला तो गेला. जी अँड एलच्या कारखान्यातली त्याची काम करायची खोली नंतर तशीच ठेवली गेली.