होमी भाभा: अणुभट्टीचं इंधन घरीच बनवायला लावणारा माणूस

माझगावला डॉकयार्ड रोडवरून पनवेल लोकल पकडली, की शिवडी, वडाळा, कुर्ला करत मानखुर्द येतं. तिथून जवळच, ट्रॉम्बेला, भारताचं पहिलं अणुइंधन तयार झालं. त्यामागे होते मुंबईचेच होमी जहांगीर भाभा.

जन्म ३० ऑक्टोबर १९०९. मुलाने इंजिनिअर होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात जावं, ही घरच्यांची इच्छा. म्हणून केंब्रिजला आधी मेकॅनिकल पूर्ण केलं, मग आवडीचं भौतिकशास्त्र. १९३९ मध्ये सुट्टीला आले, युद्ध पेटलं आणि इथेच राहिले. १९४५ मध्ये टीआयएफआर, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग, १९५४ मध्ये ट्रॉम्बेचं केंद्र.

४ ऑगस्ट १९५६ ला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. डिझाईन आपलं, पण इंधन ब्रिटनचं. कॅनडाच्या मदतीने बांधलेल्या 'सायरस'साठी मात्र काही इंधन ट्रॉम्बेतच बनवायचं, असं भाभांनी ठरवलं. हे काम धातुशास्त्रज्ञ ब्रह्म प्रकाश यांच्याकडे होतं.

यात अवघड काय? अणू फुटले की आयोडीन, सीझियम, झेनॉन असे किरणोत्सारी तुकडे बनतात. इंधन धड असेपर्यंत ते बहुतेक आतच अडकून राहतात. पण तापलेल्या युरेनियम धातूला हवा लागली की तो जळतो, त्याचा भुसभुशीत ऑक्साईड होतो आणि अडकलेलं सगळं सुटायला लागतं. म्हणून प्रत्येक कांडीवर ॲल्युमिनियमचं सीलबंद कवच लागतं. एक फट पुरे!

सायरसचं काम चालू असतानाच, ऑक्टोबर १९५७ मध्ये, ब्रिटनच्या विंडस्केलला हेच झालं. तिथली भट्टी हवेने थंड केली जायची. इंधनाने पेट घेतला, आयोडीन-१३१ बाहेर पडलं, गवतावर बसलं, गाईंच्या दुधात उतरलं. सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. सायरस पाण्याने थंड होणारी होती. ती १९६० मध्ये सुरू झाली.

१९६३ मध्ये भाभांच्या पुढाकाराने तारापूरचा करार झाला. तिथलं इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साईडच्या गोळ्या, झिर्कोनियमच्या नळ्यांत बंद. ऑक्साईडच असल्याने त्या धातूसारख्या पेटत नाहीत. मग धोका संपला का? नाही. काही शे अंशांवर हवा लागली तर त्या आणखी ऑक्सिजन घेतात, साधारण एक तृतीयांशाने फुगतात आणि पावडर होतात. आतले वायू मोकळे होतात. तापमान फार वाढलं तर रुथेनियमसुद्धा वायुरूप ऑक्साईड होऊन उडतं. म्हणून नळी शाबूत आणि इंधन पाण्याखाली, हे दोन्ही सांभाळावं लागतं.

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँजवळ विमान कोसळून भाभा गेले. वय फक्त ५६. तारापूर सुरू झालं १९६९ मध्ये. ट्रॉम्बेच्या केंद्राला मात्र १९६७ मध्येच त्यांचं नाव मिळालं: भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजे आपलं बीएआरसी.