सावित्रीबाईंची शाळा

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले, तेव्हा मी संकोचले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. फाटक्या गणवेशावरून शाळेत सर्वांदेखत माझी थट्टा झाली आणि पुढे मी शाळेची पायरी चढले नाही. म्हणूनच सावित्रीबाई फुले यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. १८४० साली जोतीरावांशी लग्न होऊन त्या पुण्यास आल्या. जोतीरावांनी त्यांना घरीच शिकविले. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या.

मुलीने शिकणे तेव्हा पाप समजत. शाळेच्या वाटेवर लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकीत. त्या जवळ दुसरे लुगडे बाळगीत आणि शाळेत पोचल्यावर ते नेसून शिकवीत. मला यात मोठे हे वाटते की, रस्त्यावरचा अपमान त्यांनी वर्गाच्या उंबऱ्याबाहेरच ठेवला. त्याची झळ मुलींना लागू दिली नाही.

१८४९ साली सासरचे घर सोडावे लागले, तरी काम थांबले नाही. महार-मांगांच्या मुलांसाठीही त्या दोघांनी शाळा काढल्या. ज्यांची सावली लोक टाळीत, ती लेकरे तेथे मानाने बसत. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. जेथे हसे होत नाही, तेथेच लेकराला तोंड फुटते.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी दवाखान्यात पोचविले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला.

आता एक कबुली देते. गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या खोलीत मुले अभ्यासाला बसत. एक मुलगी वाचताना अडखळली. सारी हसली, आणि मीही हसले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मला माझा फाटका गणवेश आठवला. मी तिच्या घरी गेले, माझे चुकले म्हणून सांगितले. ती पुन्हा येऊ लागली.

आपल्या जिल्ह्यात १२ जानेवारीला सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानी आपण जातो. त्याआधी नऊ दिवस सावित्रीबाईंची जयंती येते. त्या दिवशी हार घालूच; पण आपल्या खोलीत कोणा लेकराला हसायचे नाही, एवढा नेम मंडळाने धरावा, ही माझी विनंती.